काचेच्या कोस्टरवर व्हॅन गॉग, सेझान आणि मंडळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या आमच्या छोट्या कार्यशाळेत आम्ही काचेचे कोस्टर तयार करतो आणि त्यांवर उत्तर-दृक्प्रत्ययवादी चित्रकारांची चित्रं छापतो. फोनवर, प्रदर्शनात, सीताबर्डीची खरेदी आटोपून डोकावणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. चित्रांबद्दलची उत्तरं लांबली आहेत आणि ती आम्ही मुद्दाम तशीच ठेवली आहेत. ज्या चित्रावर रोज चहाचा कप ठेवायचा, ते कुणी, कुठे आणि कशासाठी काढलं हे घरातल्यांना ठाऊक असावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

उत्तर-दृक्प्रत्ययवादी म्हणजे नेमके कोणते चित्रकार?

मोने, रन्वार वगैरे मंडळींनी १८७० च्या दशकात फ्रान्समध्ये उघड्यावर बसून, त्या क्षणीचा उजेड डोळ्यांना जसा दिसला तसा रंगवायला सुरुवात केली. तो दृक्प्रत्ययवाद. त्यांच्याकडून उजळ रंग आणि मोकळा कुंचला शिकून पुढे आपापल्या वाटेने गेलेली पिढी ती ही. सेझानला फळं आणि डोंगर यांच्या आकारांतला ठोसपणा हवा होता, व्हॅन गॉगला मनातली खळबळ रंगात उतरवायची होती, सराला रंगांचं शास्त्र खुणावत होतं, तर गोगँला सपाट, गडद रंगांची वेगळीच दुनिया.

हा काही एकत्र बसून ठराव केलेला गट नव्हता. नाव मिळालं तेही फार उशिरा. रॉजर फ्राय या इंग्रज समीक्षकाने १९१० मध्ये लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत या चित्रकारांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्याने हा शब्द वापरला. तोवर व्हॅन गॉग (१८९०), सरा (१८९१), गोगँ (१९०३) आणि सेझान (१९०६) हे चौघेही जग सोडून गेले होते. आज ज्या नावाने आपण त्यांना ओळखतो, ते त्यांच्यापैकी कुणीच ऐकलं नाही.

मोनेची कमळं किंवा क्लिम्टचं ‘द किस’ का करत नाही?

मोने आधीच्या पिढीचा आणि क्लिम्ट व्हिएन्नाच्या वेगळ्या परंपरेतला. दोघेही मोठे चित्रकार आहेत, पण एका पिढीवर नीट काम करायचं आणि त्या चित्रांची पूर्ण माहिती घेऊनच ती छापायची, हे आम्ही ठरवलं आहे.

सगळ्यात जास्त मागणी कशाला?

‘द स्टारी नाइट’ला. व्हॅन गॉगने हे चित्र जून १८८९ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सॅं-रेमी इथल्या मनोरुग्णालयात असताना काढलं. खोलीच्या पूर्वेकडच्या खिडकीतून दिसणारं पहाटेचं आकाश हा त्याचा आधार. चित्र मात्र त्याने खिडकीशी बसून काढलेलं नाही, दिवसा खालच्या मजल्यावरच्या स्टुडिओत आठवणीतून काढलं. खालचं गाव त्या खिडकीतून दिसत नव्हतं, ते त्याने स्वतःच्या मनाने घातलं. सुरूच्या झाडाजवळ जो मोठा पांढुरका तारा दिसतो, तो शुक्र आहे, आणि त्या दिवसांत पहाटे तो खरोखरच दिसत होता. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९४१ पासून आहे.

ते चौकोनी का मिळत नाही? बाजारात तर चौकोनीच असतं.

कारण चित्र चौकोनी नाही. मूळ कॅनव्हास साधारण ९२ सेंटीमीटर रुंद आणि ७४ सेंटीमीटर उंच आहे. त्याचा चौकोन करायचा तर रुंदीतला पाचवा हिस्सा कापावा लागतो. डावीकडून कापलं तर सुरूचं झाड अर्धवट होतं, उजवीकडून कापलं तर चंद्रच जातो. झाड जमिनीपासून आकाशापर्यंत चढतं आणि चंद्र समोरच्या कोपऱ्यातून त्याला तोलून धरतो, ही त्या चित्राची मांडणी आहे. त्यातलं एक काढलं की उरतो तो नुसता निळा-पिवळा नक्षीकागद.

म्हणून हे कोस्टर आम्ही १२.५ बाय १० सेंटीमीटरचे आयताकृती करतो. चित्राचं मूळ प्रमाण जवळजवळ जसंच्या तसं राहतं. टेबलावर थोडी जास्त जागा लागते, ती द्यावी. व्हॅन गॉगचंच ‘आमंड ब्लॉसम’ही याच मापात येतं. ‘कॅफे टेरेस ॲट नाइट’ हे आर्ल गावातल्या कॅफेचं १८८८ मधलं चित्र उभं आहे, म्हणून तो कोस्टरही उभाच. त्यावरचा पिवळा दिवा आणि वरचं चांदण्यांचं आकाश दोन्ही दिसायलाच हवीत.

एक गोष्ट ध्यानात घ्या. ग्लासचा तळ साधारण ६ ते ८ सेंटीमीटरचा असतो, त्यामुळे पेय ठेवलं की मधला भाग झाकला जातो. ज्या चित्रांत कडेलाही बघण्यासारखं आहे, तीच आम्ही निवडतो.

‘ग्रांद जात’चा सहाचा संच एवढा महाग का, आणि सुटा का देत नाही?

हा आमचा सगळ्यात लाडका संच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जॉर्ज सराने पॅरिसजवळच्या सेन नदीतल्या ग्रांद जात बेटावरची रविवारची दुपार १८८४ ते १८८६ या काळात रंगवली. चित्र २ मीटरांहून उंच आणि ३ मीटरांहून रुंद आहे. पूर्ण भिंतच म्हणा. रंग पॅलेटवर मिसळण्याऐवजी त्याने शुद्ध रंगांचे बारीक ठिपके आणि फटकारे शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे लांबून बघताना ते डोळ्यातच मिसळावेत. त्यासाठी तो शेव्हरलसारख्या शास्त्रज्ञांचं रंगांवरचं लेखन वाचत होता आणि बेटावर जाऊन कितीतरी कच्ची चित्रं करत होता. वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी तो गेला.

असं चित्र १० सेंटीमीटरच्या एका काचेवर छापलं तर ते तीसपटीने लहान होतं. ठिपके एकमेकांत विरघळतात आणि उरतं एक धूसर, हिरवट दृश्य. ज्या गोष्टीसाठी सराने दोन वर्षं घालवली, तीच नाहीशी होते. म्हणून आम्ही त्याचे सहा तुकडे करतो. चित्राचं प्रमाण जवळजवळ ३ बाय २ आहे, त्यामुळे १० सेंटीमीटरच्या सहा चौकोनांत, तीन वर आणि तीन खाली, ते काहीही न गमावता बसतं. चित्र दहापटीनेच लहान होतं आणि काच हातात घेऊन पाहिली की रंगांचे कण वेगळे ओळखू येतात. सहाही कोस्टर टेबलावर जोडून ठेवले की ३० बाय २० सेंटीमीटरचं पूर्ण चित्र तयार होतं. एकात छत्रीवाल्या बाईंचं माकड येतं, एकात पाण्यातल्या होड्या.

महाग अशासाठी की सहा काचांच्या कडा एकमेकींशी तंतोतंत जुळाव्या लागतात आणि एकीत जरी रंग हलला तरी सगळा संच बाजूला काढावा लागतो. सुटा देत नाही, कारण एकट्या तुकड्याला अर्थ नाही. मूळ चित्र आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोमध्ये आहे. पोरं, नातेवाईक तिकडे असतील तर त्यांना आवर्जून पाहायला सांगा.

वाघाचं आहे का काही?

आहे, आणि नागपुरात हा प्रश्न आला नसता तरच नवल. ताडोब्याला किंवा पेंचला जाऊन आलेले लोक हा कोस्टर हमखास उचलतात.

आंरी रूसोचं ‘वादळातला वाघ’ १८९१ मधलं. विजा चमकताहेत, पाऊस तिरपा कोसळतोय, पानं एका बाजूला झुकली आहेत आणि त्यांच्यामध्ये दात विचकून दबा धरलेला वाघ. रूसोने जंगल कधी पाहिलंच नव्हतं, तो फ्रान्सच्या बाहेर गेलाच नाही. पॅरिसमध्ये जकात वसुलीच्या खात्यात तो नोकरीला होता आणि चित्रकला कुणाकडे शिकलेला नव्हता. पॅरिसच्या वनस्पती उद्यानातल्या काचघरांत जाऊन तो परदेशी झाडं बघायचा. त्यातून त्याने स्वतःचं एक जंगल उभं केलं, ज्यात पानन्‌पान मन लावून रंगवलेलं आहे. समीक्षकांनी त्याची टिंगल केली, पुढे पिकासोसारख्या तरुण चित्रकारांनी त्याला मानाने जवळ केलं.

ज्यांनी खरा वाघ डोळ्यांनी पाहिला आहे, त्यांना हा वाघ थोडा विचित्र वाटतो. पाय नक्की कुठे टेकले आहेत कळत नाही. पण पावसाळी जंगलातली ती दाटी, काहीतरी आत्ता घडणार आहे ही धास्ती, हे जिप्सीत बसून अनुभवलेल्या माणसाला लगेच ओळखू येतं. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

आणि संत्री?

सेझानचं ‘सफरचंदं आणि संत्री’, १८९९ च्या सुमारास काढलेलं, पॅरिसच्या म्युझे दोर्सेमध्ये ठेवलेलं. पांढरं कापड घड्या पडून खाली ओघळलंय, त्यावर फळांची ताटली तिरकी आणि फळं कुठल्याही क्षणी घरंगळतील अशी. तरी एकही घरंगळत नाही. सेझान फळांची मांडणी करायला इतका वेळ लावायचा की काम संपेपर्यंत खरी फळं सडून जायची. संत्र्याचा गोलपणा त्याने सावली काळी करून दाखवलेला नाही, पिवळ्याकडून नारिंगीकडे आणि तांबड्याकडे सरकत दाखवला आहे. मृग बहाराची संत्री घरात आली की एक हातात घेऊन या चित्राशेजारी धरून पाहा. आपल्या संत्र्याची साल ढिली आणि खडबडीत असते, त्याची फळं घट्ट आणि गुळगुळीत. बघायची सवय लागते ती अशीच.

संत्र्याचा किंवा लिंबाचा रस सांडला तर काचेला काही होत नाही. फक्त तो कडेवरून खाली कॉर्कमध्ये मुरू देऊ नका.

बारशाला, लग्नाला, वास्तुशांतीला कोणतं द्यावं?

बारशाला डोळे झाकून ‘आमंड ब्लॉसम’. ३१ जानेवारी १८९० ला व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा धाकटा भाऊ थिओ याला मुलगा झाला आणि थिओने त्याचं नाव काकावरून व्हिन्सेंट ठेवलं. त्या बाळासाठी काकाने फेब्रुवारीत हे चित्र काढलं: निळ्या आकाशावर फुललेल्या बदामाच्या फांद्या. दक्षिण फ्रान्समध्ये बदाम थंडी सरता सरता सगळ्यांच्या आधी फुलतो, म्हणून नव्या जिवासाठी त्याने तोच निवडला. हाच पुतण्या मोठा झाल्यावर काकाची चित्रं एकत्र राहावीत म्हणून झटला आणि १९७३ मध्ये ॲमस्टरडॅमला व्हॅन गॉग संग्रहालय उघडलं. चित्र आजही तिथेच आहे. काका-पुतण्याच्या नात्यातून जन्मलेलं चित्र बारशात देण्याइतकं नेमकं दुसरं काय असणार?

वास्तुशांतीला ‘सूर्यफुलं’ चालतात. आर्लमधल्या आपल्या पिवळ्या घरी गोगँ राहायला येणार म्हणून त्याची खोली सजवायला व्हॅन गॉगने १८८८ च्या ऑगस्टमध्ये ती काढली होती. पाहुण्याच्या स्वागताचं चित्र आहे ते. लग्नाला सेझानचा फळांचा संच किंवा ‘स्टारी नाइट’.

‘गव्हाच्या शेतावरचे कावळे’ घरात ठेवणं अशुभ आहे का? ते व्हॅन गॉगचं शेवटचं चित्र ना?

शेवटचं नाही. जुलै १८९० मधलं आहे, म्हणजे अखेरच्या आठवड्यांतलं, पण त्यानंतरही त्याने कामं केली. संशोधक आता ‘झाडाची मुळं’ हे चित्र शेवटचं मानतात. शुभ-अशुभाचं ज्याने त्याने ठरवावं. आम्हाला विचाराल तर वादळी आकाशाखालचं ते पिवळंधमक शेत बघताना शेवटाइतकाच जिवंतपणाही दिसतो. भेट म्हणून देणार असाल तर मात्र घेणाऱ्याचा स्वभाव बघून द्या.

व्हॅन गॉगने काढलेलं, कानाला पट्टी बांधलेलं त्याचं स्वतःचं चित्र आम्ही कोस्टरवर छापत नाही. एका माणसाच्या सर्वांत वाईट दिवसांचं ते चित्र आहे. त्यावर सरबताचा ग्लास ठेवणं आम्हाला पटत नाही.

देवादिकांची चित्रं कोस्टरवर करून द्याल का?

नाही. कोस्टरवर उष्टं भांडं टेकतं, चहा सांडतो, रात्री पुसायचं राहून जातं. गणपती किंवा विठ्ठल तिथे नको. हाच नियम आम्ही दुसऱ्यांच्या श्रद्धेलाही लावतो, म्हणून गोगँचं ‘पिवळा ख्रिस्त’ हे चित्र उत्तम असूनही आमच्याकडे नाही.

गोगँबद्दल आणखी एक सांगायला हवं. १८९१ मध्ये तो ताहितीला गेला आणि तिथे त्याने अल्पवयीन मुलींशी संबंध ठेवले. त्या मुलींची त्याने काढलेली चित्रं जगभर छापली जातात, आम्ही छापत नाही. त्याची निसर्गदृश्यं मात्र आहेत. रंगाचं त्याचं धाडस नाकारता येत नाही आणि बाकीचं झाकूनही ठेवायचं नाही.

रंग मूळ चित्रासारखेच असतात का? बाजारातलं निळं जास्त झगझगीत दिसतं.

बाजारातलं झगझगीत दिसतं, कारण छापण्याआधी संगणकावर रंग वाढवलेले असतात. आम्ही तसं करत नाही. संग्रहालयांनी काढलेल्या मोठ्या, स्वच्छ छायाचित्रांवरून रंग जुळवतो. शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि लॉस एंजेलिसचं गेटी संग्रहालय यांनी आपल्याकडच्या अशा कितीतरी जुन्या चित्रांची छायाचित्रं कुणालाही वापरायला खुली केली आहेत. हे फार मोठं काम आहे.

पण ‘मूळ रंग’ म्हणजे कोणते, हा प्रश्न खोल आहे. व्हॅन गॉगच्या काळात नवे रासायनिक रंग आले होते आणि त्यांतले काही टिकाऊ नव्हते. त्याला हे माहीत होतं, पत्रांत त्याने ते लिहून ठेवलं आहे. ‘शयनकक्ष’ या चित्रातल्या भिंती आज निळ्या दिसतात, पण त्या त्याने फिक्या जांभळ्या रंगवल्या होत्या. त्यातला तांबडा रंग उजेडाने उडाला आणि निळा मागे राहिला. ‘आमंड ब्लॉसम’मधली पांढरी फुलं पूर्वी जास्त गुलाबी होती. सूर्यफुलांतल्या क्रोम पिवळ्याच्या काही छटा तपकिरीकडे झुकल्या आहेत, आणि सराच्या ‘ग्रांद जात’मधला झिंक पिवळाही तसाच मळकटला. आम्ही चित्र आज जसं आहे तसं छापतो. हरवलेला रंग अंदाजाने परत घालणं हे संशोधकांचं काम, छापणाऱ्याचं नव्हे.

ही चित्रं छापायला परवानगी लागत नाही का?

भारतीय कायद्यात कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतो. या यादीतले सगळे चित्रकार १९१० पर्यंत गेले, त्यामुळे त्यांची चित्रं आता सर्वांची आहेत. पिकासो १९७३ मध्ये गेला, म्हणून त्याचं काम आम्ही करत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

अमृता शेरगिल?

मनापासून करायची इच्छा आहे. पॅरिसला शिकलेली, सेझान आणि गोगँ पचवून भारतात परतलेली, १९४१ मध्ये २८ व्या वर्षी गेलेली ही चित्रकार या पिढीची थेट वारसदार आहे. हक्काची मुदतही संपली आहे. पण तिच्या चित्रांतले विटकरी आणि मातकट रंग फार नाजूक आहेत, आणि त्यांना न्याय देईल असं छायाचित्र हाती येईपर्यंत आम्ही थांबणार. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात तिची पुष्कळ चित्रं आहेत. दिल्लीला गेलात तर तिथे दोन तास काढाच.

काच कोणती वापरता? पडली तर?

४ मिलिमीटरची टफन्ड काच. आधी मापात कापून, कडा घासून गुळगुळीत केल्या जातात, मग काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. त्याने पृष्ठभाग आतून आवळला जातो आणि काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत होते. एकदा टफन केल्यावर ती कापता येत नाही, म्हणून ‘जरा लहान करून द्या’ हे नंतर शक्य नसतं.

मजबूत म्हणजे न फुटणारी नव्हे. फरशीवर कडेवर आपटली तर फुटेल, पण लांब धारदार तुकडे न होता दाणे दाणे होतील. लहान मुलांच्या घरात हा फरक महत्त्वाचा आहे. १० सेंटीमीटर चौकोनाच्या काचेचं वजन साधारण १०० ग्रॅम भरतं. हातात घेतल्यावर फारच हलकं वाटलं तर काच पातळ आहे असं समजा.

साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे कडेने पाहिलं तर ती हिरवी दिसते आणि पांढऱ्या रंगावरही हिरवट झाक येते. ‘आमंड ब्लॉसम’ आणि सेझानच्या पांढऱ्या कापडासाठी आम्ही कमी लोहाची, जास्त स्वच्छ काच घेतो.

चित्र वरून छापलेलं आहे की खालून?

खालून, उलटं. काचेच्या मागच्या बाजूला चित्राची आरशातली प्रतिमा यूव्ही शाईने (अतिनील किरणांनी वाळणाऱ्या शाईने) छापतात, तिच्यावर पांढऱ्या शाईचा थर आणि मग कॉर्क. म्हणजे कप टेकतो तो नुसत्या काचेवर, शाईला घासत नाही. काचेच्या मागून रंगवायची रीत आपल्याकडे जुनीच आहे, तंजावरकडची अशी देवादिकांची चित्रं अनेकांनी पाहिली असतील.

स्वस्त कोस्टरमध्ये कागदावरचा फोटो काचेखाली चिकटवलेला असतो. ओळखायचं कसं? कडेला नख लावून बघा, कागदाचा थर हाताला लागतो. अशांमध्ये कडेने पाणी शिरतं, बुडबुडे येतात आणि चित्र कोपऱ्यातून फुगतं.

गरम चहा चालेल? कढईखाली ठेवलं तर?

चहा, कॉफी, सूप, खुशाल. सावजीच्या गरम रश्श्याची वाटीही चालेल. गॅसवरून उतरवलेला कुकर, कढई, तवा मात्र नको. टफन्ड काच २०० अंशांच्या आसपासचा फरक सोसते, पण खालची शाई आणि कॉर्कचा गोंद सोसत नाही.

उन्हाळ्यात ग्लास उचलला की कोस्टरही वर येतो. काय करावं?

हे प्रत्येक काचेच्या कोस्टरचं होतं. थंड ग्लासला बाहेरून घाम येतो, ते पाणी दोन गुळगुळीत पृष्ठभागांत पसरतं आणि दोघांना धरून ठेवतं. दोन घोट घेईपर्यंत ते सुटतं आणि कोस्टर टेबलावर किंवा पायावर पडतो.

नागपुरात हे कधी होतं, याचीही गंमत आहे. मे महिन्यात बाहेरची हवा इतकी कोरडी असते की अंगणात ठेवलेल्या ग्लासला घाम कमी येतो आणि आलेला वाळतोही पटकन. पण आपण बसतो कूलरच्या खोलीत. कूलर हवेत पाणी सोडूनच खोली थंड करतो, त्यामुळे आत दमटपणा वाढतो आणि पन्ह्याचा ग्लास पाच मिनिटांत ओला होतो. पावसाळ्यात तर सगळीकडेच.

उपाय सोपे आहेत. तळाला थोडी खोलगट जागा किंवा कडा असलेला ग्लास वापरा, तो चिकटत नाही. सपाट तळाचाच असेल तर कोस्टरवर चिमूटभर मीठ भुरभुरा, किंवा मधून एकदा कापडाने टिपून घ्या. काच पाणी शोषत नाही, हे तिचं वैगुण्य आहेच. मठ्ठ्याचे बर्फ घातलेले मोठे ग्लास दुपारभर ठेवायचे असतील, तर त्या वेळी मातीचे किंवा कापडी कोस्टर जास्त कामाचे. काचेचे संध्याकाळी पाहुण्यांसमोर काढा.

आमच्या जुन्या सागवानी टीपॉयवर पांढरी वर्तुळं पडली आहेत. यांनी थांबतील?

पुढची थांबतील. बल्लारपूर-आलापल्लीच्या सागवानाचं जुनं फर्निचर बहुधा चपडा लाखेच्या पॉलिशचं असतं, आणि लाख पाणी आणि उष्णता दोन्हींनी दुधाळ होते. कोस्टर दोन्ही अडवतो. खाली कॉर्क आहे, त्यामुळे लाकडावर ओरखडाही येत नाही. पण कॉर्क ओला असताना टेबलावर तसाच ठेवला, तर डाग कोस्टरखालीच पडेल. आधीची वर्तुळं पॉलिशवाल्याकडूनच काढून घ्या.

धुवायचे कसे?

ओल्या मऊ कापडाने पुसा, चिकट असेल तर साबणाचा थेंब. पाण्यात बुडवून ठेवू नका, डिशवॉशरमध्ये नको, तारेची घासणी नको. बोअरच्या पाण्याने पांढरे ठिपके राहतात, कूलरच्या जाळीवर जमतो तोच क्षार. व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून कापडाने पुसलं की जातो. पुसून झाल्यावर उभे टेकवून वाळवा.

उन्हाने रंग उडतात का?

वर्षानुवर्षं थेट उन्हात ठेवले तर उडतील. दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीत शोभेसाठी मांडून ठेवू नका. आणि एप्रिल-मेमध्ये खोकं बंद गाडीत डॅशबोर्डवर विसरू नका, त्या उष्णतेत कॉर्कचा गोंद ढिला पडतो. गाडीत राहिलेच, तर घरी आणून काच खाली आणि कॉर्क वर असे सपाट जागी ठेवा, वर एखादं जाड पुस्तक ठेवा आणि पूर्ण निवू द्या.

पुण्याला, मुंबईला कुरिअरने नीट पोहोचतात का?

पोहोचतात. प्रत्येक काच वेगळी गुंडाळून, उभी ठेवून भरतो, कारण एकावर एक आडव्या काचा धक्क्याने लवकर फुटतात. खोकं मिळाल्यावर उघडतानाच मोबाइलवर चित्रण करून ठेवा. काही फुटलेलं निघालं तर ते पाठवा, आम्ही बदलून देतो. प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी असते: चित्राचं नाव, चित्रकार, वर्ष आणि मूळ चित्र कुठल्या शहरात आहे.

संचातला एकच फुटला. तेवढा मिळेल?

मिळेल. खोक्याच्या तळाला छपाईचा महिना लिहिलेला असतो, तो कळवा. काचेची खेप बदलली की रंगात किंचित फरक पडतो, म्हणून आम्ही उरलेल्यांपैकी एक नमुन्यासाठी मागवतो आणि त्याच्याशी जुळवून नवा छापतो. ‘ग्रांद जात’च्या संचातला असेल तर फुटलेल्याच्या शेजारचे दोन पाठवा, म्हणजे नदीची रेघ आणि सावल्यांच्या कडा दोन्हीकडून जुळवून घेता येतात.